अंपायरच निवडणुकीला उभा राहतो तेव्हा: अमेरिकेतल्या ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ पदावर देणगीदारांचा डोळा का असतो?

२ जानेवारी २०२१, शनिवार. अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जॉर्जिया राज्यातल्या एका अधिकाऱ्याला फोन लावला. हा फोन तासभर चालला.

राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होऊन तोवर दोन महिने होत आले होते. जॉर्जियात जो बायडेन ११,७७९ मतांनी जिंकले होते आणि मतं एकदा नाही, तीन वेळा मोजून झाली होती. तरीही फोनवर ट्रम्प म्हणाले, “मला फक्त ११,७८० मतं शोधायची आहेत.”

म्हणजे पराभवाच्या फरकापेक्षा बरोबर एक मत जास्त.

फोनच्या दुसऱ्या टोकाला होते ब्रॅड राफेनस्पर्गर. ते ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे आणि त्यांनी मतही ट्रम्प यांनाच दिलं होतं. पण तुमच्याकडची आकडेवारी चुकीची आहे, असं त्यांनी राष्ट्राध्यक्षांना सांगितलं आणि निकाल बदलला नाही. दुसऱ्याच दिवशी या संभाषणाचं रेकॉर्डिंग बाहेर आलं. आपण काहीच चुकीचं बोललो नाही, असं ट्रम्प आजही म्हणतात.

पण मुद्दा असा की, राष्ट्राध्यक्षाला एका राज्याच्या अधिकाऱ्याची मनधरणी करायची वेळ का आली? आणि ज्या पदाचं नावही अनेक अमेरिकन मतदारांना धड सांगता येत नव्हतं, त्या पदाच्या निवडणुकीसाठी आता देशभरातून देणग्या का गोळा होतात?

हे पद नेमकं कसलं?

सगळ्यात आधी नावाचा घोळ मिटवू. बातम्यांमध्ये आपण ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ ऐकतो, ते म्हणजे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री. इथे विषय त्यांचा नाही. अमेरिकेच्या ५० पैकी ४७ राज्यांमध्ये त्याच नावाचं एक वेगळं, राज्य पातळीवरचं पद असतं. त्याचा परराष्ट्र धोरणाशी काही संबंध नाही.

हे पद मुळात कागदपत्रांचं. कंपन्यांची नोंदणी, सरकारी दस्तऐवज, राज्याची मोहोर, अशी कामं. मिशिगनमध्ये तर गाडी चालवण्याचं लायसन्सही याच कार्यालयाकडून मिळतं. डेट्रॉइट परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’चं ऑफिस माहीत असतं ते लायसन्ससाठी लागणाऱ्या नंबरामुळे.

पण बहुतेक राज्यांमध्ये याच पदाकडे आणखी एक काम असतं. ते म्हणजे निवडणुका घेणं.

अमेरिकेत भारतासारखा सगळ्या देशाच्या निवडणुका घेणारा एकच निवडणूक आयोग नाही. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकसुद्धा राज्यंच आपापल्या कायद्याने घेतात. प्रत्यक्ष मतदान आणि मोजणी होते काउंटीमध्ये, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या घटकात. त्यांच्यावर देखरेख असते सेक्रेटरी ऑफ स्टेटची. राज्याची मतदार यादी, मतदान यंत्रांची मंजुरी, पोस्टाने येणाऱ्या मतपत्रिकांचे नियम, फेरमोजणी आणि शेवटी निकालावरची अधिकृत सही अशी बरीच सूत्रं या कार्यालयाकडे असतात.

आता खरी मेख. ४७ पैकी ३५ राज्यांमध्ये हे पद थेट जनतेतून निवडून येतं, तेही बहुधा पक्षाच्या तिकिटावर. थोडक्यात, सामन्याचा अंपायर दोनपैकी एका संघाची जर्सी घालून निवडणूक लढवतो, जिंकतो आणि मग मैदानात उभा राहतो.

इतकी वर्षं कुणी लक्ष का दिलं नाही?

कारण निकाल फार अटीतटीचा नसेल, तर अंपायर कोण याने काही बिघडत नाही. २००० मध्ये मात्र बिघडलं.

त्या वर्षी जॉर्ज बुश विरुद्ध अल गोर ही लढत फ्लोरिडावर येऊन अडकली. सुमारे ६० लाख मतं पडली होती आणि फरक होता काहीशे मतांचा. तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेट होत्या कॅथरिन हॅरिस. त्या बुश यांच्या फ्लोरिडातल्या प्रचार मोहिमेच्या सहप्रमुखही होत्या! हाताने मोजलेली मतं मुदतीनंतर स्वीकारायला त्यांनी नकार दिला आणि प्रकरण कोर्टात गेलं. अखेर २६ नोव्हेंबरला त्यांनी बुश ५३७ मतांनी विजयी असल्याचं प्रमाणित केलं. डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने फेरमोजणी थांबवली आणि बुश राष्ट्राध्यक्ष झाले.

चार वर्षांनी तसाच वाद ओहायोत झाला. तिथले सेक्रेटरी ऑफ स्टेट केन ब्लॅकवेल हेही बुश यांच्या प्रचाराचे राज्यातले सहप्रमुख होते. मतदार नोंदणीचे फॉर्म ठरावीक जाडीच्याच कागदावर हवेत, असा आदेश त्यांनी काढला होता. टीका झाल्यावर तो मागे घ्यावा लागला. बुश यांनी ओहायो सुमारे १ लाख १८ हजार मतांनी जिंकलं आणि त्या जोरावर राष्ट्राध्यक्षपद राखलं.

‘तळं राखील तो पाणी चाखील’ अशी आपल्याकडे म्हण आहे. हॅरिस आणि ब्लॅकवेल यांनी खरंच पाणी चाखलं का, यावर आजही दोन मतं आहेत. दोघांनीही आपण कायद्याप्रमाणेच वागलो, असं सांगितलं. पण तळं राखायला कोण बसलंय याकडे त्यानंतर सगळ्यांचं लक्ष गेलं.

स्वस्तात मिळणारी सत्ता

२००६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूच्या काही कार्यकर्त्यांनी ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट प्रोजेक्ट’ नावाचा निधी उभारणारा गट काढला. त्यांचं गणित साधं होतं. सिनेटच्या एका जागेसाठी कोट्यवधी डॉलर लागतात. सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या निवडणुकीकडे मात्र ना टीव्ही चॅनल बघतात, ना मोठे देणगीदार. तिथे थोडा पैसा टाकला तरी पारडं फिरू शकतं.

त्या वर्षी या गटाने जमवलेली रक्कम साधारण ५ लाख डॉलर होती. अमेरिकी राजकारणाच्या हिशेबात ही चिल्लर. पण त्यांनी पाठिंबा दिलेल्या सातपैकी पाच उमेदवार निवडून आले. त्यात ओहायोच्या जेनिफर ब्रुनर होत्या आणि मिनेसोटाचे मार्क रिची होते.

दोनच वर्षांत रिची देशभर चर्चेत आले. २००८ च्या सिनेट निवडणुकीत मिनेसोटात रिपब्लिकन नॉर्म कोलमन सुरुवातीला २१५ मतांनी पुढे होते. फेरमोजणीनंतर डेमोक्रॅट अल फ्रँकेन २२५ मतांनी पुढे गेले आणि कोर्टातल्या लढाईनंतर हा फरक ३१२ वर गेला. जून २००९ अखेर राज्याच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने फ्रँकेन यांच्या बाजूने निकाल दिला. फ्रँकेन आल्यामुळे सिनेटमध्ये डेमोक्रॅट्सकडे ६० मतं झाली आणि त्याच बळावर ओबामांचा आरोग्य विमा कायदा सिनेटमध्ये पुढे सरकला.

रिपब्लिकन गोटातून लगेच आरोप झाला की, रिची यांना डेमोक्रॅट देणगीदारांनी निवडून आणलं ते याचसाठी. प्रत्यक्षात फेरमोजणीचा निर्णय एकट्या रिचींच्या हातात नव्हता. पाच जणांच्या मंडळात त्यांच्यासोबत चार न्यायाधीश होते. त्यानंतर कोर्टानेही सगळं तपासलं. म्हणजे मोजणी चोख होती, पण रिची कुणाच्या पैशावर आले याची चर्चा काही थांबली नाही.

पुढे सगळं याच मार्गाने गेलं.

हे पैसे जमवणारे गट असतात कोण?

अमेरिकेत निवडणुकीचा पैसा वेगवेगळ्या नळांतून येतो. त्यातले मुख्य प्रकार असे:

पॅक: पूर्ण नाव पॉलिटिकल अॅक्शन कमिटी. लोकांकडून वर्गणी घेऊन उमेदवारांना देणारा गट. राष्ट्रीय निवडणुकीत उमेदवाराला किती द्यायचं यावर मर्यादा असते.

सुपर पॅक: २०१० मध्ये ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, कंपन्या आणि कामगार संघटनांच्या स्वतंत्र प्रचारखर्चावर बंदी घालता येणार नाही. त्यानंतरच्या निकालांतून हा प्रकार जन्माला आला. सुपर पॅक उमेदवाराला थेट पैसे देऊ शकत नाही, पण त्याच्यासाठी किंवा त्याच्या विरोधात जाहिरातींवर हवा तेवढा खर्च करू शकतो.

५२७ गट: करकायद्यातल्या कलमावरून पडलेलं नाव. ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट प्रोजेक्ट’ हा याच प्रकारातला. राज्य पातळीवरच्या लढतींमध्ये हे गट विशेष चालतात.

देणगीदार न सांगणाऱ्या संस्था: काही ना-नफा संस्था राजकारणावर खर्च करतात, पण पैसे कुणी दिले हे जाहीर करणं त्यांच्यावर बंधनकारक नसतं. अमेरिकेत याला ‘डार्क मनी’ म्हणतात.

दोन्ही पक्षांनी आपापली सोय करून ठेवली आहे. डेमोक्रॅट्सकडे ‘डेमोक्रॅटिक असोसिएशन ऑफ सेक्रेटरीज ऑफ स्टेट’ आहे. रिपब्लिकन बाजूला ‘रिपब्लिकन स्टेट लीडरशिप कमिटी’ राज्यांमधल्या पदांसाठी निधी उभारते. सेक्रेटरी ऑफ स्टेटची निवडणूक राज्याची असल्यामुळे उमेदवाराला किती देणगी चालते हे त्या-त्या राज्याचा कायदा ठरवतो. एका राज्यात जे चालतं ते शेजारच्या राज्यात चालेलच असं नाही.

२०२२ मध्ये पारा का चढला?

२०२० च्या पराभवानंतर ट्रम्प समर्थकांनीही तेच गणित मांडलं. राफेनस्पर्गर ‘नाही’ म्हणाले, मग पुढच्या वेळी तिथे ‘हो’ म्हणणारा माणूस हवा.

नेवाडाचे जिम मार्चंट यांनी ‘अमेरिका फर्स्ट सेक्रेटरी ऑफ स्टेट कोअलिशन’ उभी केली. २०२० ची निवडणूक चोरली गेली असा दावा करणारे उमेदवार वेगवेगळ्या राज्यांतून एकाच वेळी उभे करायचे, अशी ही योजना होती. नेवाडातून स्वतः मार्चंट, ॲरिझोनातून मार्क फिंचम, मिशिगनमधून क्रिस्टिना करामो, न्यू मेक्सिकोतून ऑड्री त्रुहियो. आपली ही मंडळी निवडून आली तर २०२४ मध्ये ट्रम्प पुन्हा राष्ट्राध्यक्ष होतील, असं मार्चंट यांनी ट्रम्प यांच्यासमोर भर सभेत सांगितलं.

अंपायरपदाच्या उमेदवाराने सामन्याआधीच निकाल सांगितला तर काय होईल, ते झालं. समोरच्या बाजूचे देणगीदार खडबडून जागे झाले. डेमोक्रॅट्सच्या गटांनी निर्णायक राज्यांमध्ये टीव्ही जाहिरातींवर लाखो डॉलर ओतले. जी लढत एरवी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर असायची, तिच्यावर देशभरातून देणग्या येऊ लागल्या.

धोका काल्पनिक नव्हता, याचा नमुना त्याच वर्षी जूनमध्ये न्यू मेक्सिकोत दिसला. तिथल्या ओटेरो काउंटीच्या तिन्ही आयुक्तांनी पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीचा निकाल प्रमाणित करायला नकार दिला. मतमोजणीत ठोस चूक सापडली नव्हती. मतदान यंत्रांवर आपला विश्वास नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. सेक्रेटरी ऑफ स्टेट मॅगी टूलूज ऑलिव्हर राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेल्या, कोर्टाने आदेश दिला आणि आयुक्तांनी दोन विरुद्ध एक मताने निकालावर शिक्कामोर्तब केलं.

आता कल्पना करा, त्या खुर्चीत कोर्टात न जाणारी व्यक्ती असती तर? पाच महिन्यांनी त्याच खुर्चीसाठी टूलूज ऑलिव्हर यांच्यासमोर उभ्या होत्या मार्चंट यांच्या आघाडीच्या त्रुहियो.

मग पैसा जिंकला का?

नोव्हेंबर २०२२ मध्ये मार्चंट, फिंचम, करामो आणि त्रुहियो असे चौघंही हरले. आघाडीत नाव असलेले डिएगो मोरालेस इंडियानात निवडून आले, पण ते राज्य तसंही रिपब्लिकनांचंच.

श्रेय जाहिरातींना द्यायचं का? काही प्रमाणात हो. पण निकाल नीट पाहिले तर मतदारांनी स्वतःच फरक केलेला दिसतो. नेवाडात मार्चंट हरले, पण त्याच दिवशी गव्हर्नरपदावर रिपब्लिकन जो लोम्बार्डो जिंकले. ॲरिझोनात फिंचम पडले, पण रिपब्लिकन किंबर्ली यी राज्याच्या खजिनदार म्हणून आरामात निवडून आल्या. म्हणजे पक्ष मान्य होता, पण हा अंपायर नको होता.

आणि राफेनस्पर्गर? ट्रम्प यांनी त्यांच्याविरोधात पक्षातूनच जोडी हाइस यांना बळ दिलं होतं. मे २०२२ मध्ये राफेनस्पर्गर यांनी हाइस यांना पहिल्याच फेरीत हरवलं आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवडून आले.

मग अडचण कुठे आहे?

इथे अनेकांना वाटेल, चला, शेवट गोड झाला. पण मूळ दुखणं तसंच आहे आणि ते कुठल्या एका पक्षाचं नाही.

२०१८ मध्ये जॉर्जियाचे तेव्हाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रायन केम्प गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. पदाचा राजीनामा न देता. म्हणजे स्वतःच्याच निवडणुकीची देखरेख त्यांच्याच कार्यालयाकडे होती. त्या वेळी सुमारे ५३ हजार मतदार नोंदणी अर्ज त्यांच्या कार्यालयात अडकून पडल्याचा मोठा वाद झाला. केम्प सुमारे ५५ हजार मतांनी जिंकले. डेमोक्रॅट्सनी अन्याय झाल्याची ओरड केली.

२०२२ मध्ये ॲरिझोनात चित्र उलटं झालं. डेमोक्रॅट केटी हॉब्स सेक्रेटरी ऑफ स्टेट असतानाच गव्हर्नरपदासाठी उभ्या राहिल्या आणि कॅरी लेक यांना सुमारे १७ हजार मतांनी हरवून जिंकल्या. या वेळी ओरड रिपब्लिकनांची होती. २०२६ साठी मिशिगनच्या डेमोक्रॅट जोसेलिन बेन्सन आणि जॉर्जियाचे राफेनस्पर्गर या दोघांनीही पदावर असतानाच गव्हर्नरपदाची उमेदवारी जाहीर केली. म्हणजे प्रश्न पुन्हा तोच.

पैशाचंही तसंच. २०२२ मध्ये डेमोक्रॅट्सच्या निधी उभारणाऱ्या संघटनेच्या अध्यक्ष होत्या जेना ग्रिसवोल्ड. त्या स्वतः कोलोरॅडोच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट. एकीकडे राज्याच्या निवडणुका तटस्थपणे घ्यायच्या आणि दुसरीकडे आपल्या पक्षाचे अंपायर निवडून आणण्यासाठी देशभर निधी गोळा करायचा. यात बेकायदा काही नाही. पण उद्या कोलोरॅडोत एखादा निकाल पाचशे मतांवर अडला, तर हरलेला पक्ष सगळ्यात आधी कशाकडे बोट दाखवेल?

लोकशाही वाचवण्यासाठी म्हणून आलेला पैसा असो की निकाल फिरवण्यासाठी आलेला, दोन्हीचा एक परिणाम सारखाच होतो. अंपायर ‘कुणाचा तरी’ होऊन जातो. आणि निवडणुकीत जिंकणाऱ्याला पटवावं लागत नाही, पटवावं लागतं हरणाऱ्याला.

निवडणुकीऐवजी नेमणूक केली तर?

हा उपाय दिसतो तितका सोपा नाही. फ्लोरिडात २००३ पासून सेक्रेटरी ऑफ स्टेट गव्हर्नर नेमतात. पेनसिल्व्हेनियातही गव्हर्नरच नेमतात. पण २०२२ मध्ये तिथे गव्हर्नरपदाला उभे होते २०२० चा निकाल न मानणारे डग मॅस्ट्रियानो. ते जिंकले असते तर नेमणूक त्यांच्या हातात गेली असती. ते हरले.

विस्कॉन्सिनने निवृत्त न्यायाधीशांचं मंडळ करून पाहिलं. राजकारण्यांना ते रुचलं नाही आणि २०१६ मध्ये ते बरखास्त झालं. त्याजागी दोन्ही पक्षांचे मिळून सहा जणांचं आयोग आलं. तिथे तीन विरुद्ध तीन असा पेच पडतो.

भारतात पद्धत वेगळी असली तरी भांडण ओळखीचं आहे. आपल्याकडे राज्याचा मुख्य निवडणूक अधिकारी हा सनदी अधिकारी असतो, तो प्रचार करत नाही आणि देणग्याही घेत नाही. पण निवडणूक आयुक्त कोण नेमणार, हा वाद आपल्याकडेही सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २०२३ च्या कायद्याने निवड समितीत पंतप्रधान, एक केंद्रीय मंत्री आणि विरोधी पक्षनेता आले, सरन्यायाधीश नाहीत. म्हणजे अंपायर मतदारांनी निवडला तर पैसा येतो आणि सरकारने निवडला तर सरकारचा वरचष्मा येतो.

शेवटी निकाल कुणी वाचवला?

२०२० मध्ये अमेरिकेची व्यवस्था टिकली ती एका खांबावर नाही. मिशिगनमध्ये निकाल प्रमाणित करणाऱ्या मंडळात दोन डेमोक्रॅट आणि दोन रिपब्लिकन सदस्य होते. २३ नोव्हेंबर २०२० ला त्यातले एक रिपब्लिकन मतदानापासून दूर राहिले. दुसरे रिपब्लिकन सदस्य आरोन व्हॅन लँगवेल्डे यांनी कायदा आपल्याला दुसरं काही करू देत नाही अशी भूमिका घेतली आणि मत दिलं. निकाल प्रमाणित झाला. त्यांना मंडळावर पुन्हा संधी मिळाली नाही.

त्यानंतर काही दुरुस्त्या झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा बदलला. राज्याचा निकाल वॉशिंग्टनला कुणी कळवायचा हे स्पष्ट केलं, त्यावर आक्षेप घेणं अवघड केलं आणि उपराष्ट्राध्यक्षांचं काम फक्त औपचारिक असल्याचं लिहून ठेवलं. पण राज्यातला अंपायर कसा निवडायचा आणि त्याच्या प्रचाराचा खर्च कुणी उचलायचा, याला त्या कायद्याने हात लावला नाही. तो राज्यांचा विषय.

त्यामुळे २०२६ च्या नोव्हेंबरमध्ये जॉर्जिया, मिशिगन, ॲरिझोना आणि नेवाडा या चारही राज्यांत सेक्रेटरी ऑफ स्टेट पदाची निवडणूक आहे. दोन्ही बाजूंचे देणगीदार हिशेब मांडून बसतात, कारण २००६ चं गणित आजही लागू आहे. राष्ट्राध्यक्ष निवडून आणण्याच्या मानाने त्याच्या निकालावर सही करणारा निवडून आणणं फार स्वस्त पडतं.

अटलांटा किंवा डेट्रॉइटमध्ये एखादा मराठी नातेवाईक मतदार असेल, तर त्याला एवढं नक्की विचारा: मतपत्रिकेवर गव्हर्नरच्या खाली असलेल्या त्या नावाच्या जाहिरातींचे पैसे कुणी दिले, हे तुला माहीत आहे का?